मोर्स कोड: भाषांतर, ऐकणं आणि शिकणं. मराठवाड्यातल्या नवशिक्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोर्समध्ये टिंब-रेघांइतकंच मधल्या विरामाला महत्त्व का?

कारण अक्षर कुठे संपलं हे फक्त विरामावरूनच कळतं. मोर्समध्ये प्रत्येक अक्षर लहान-लांब आवाजांनी पाठवतात. लहान आवाजाला (टिंब) ‘डिट’ म्हणतात, लांब आवाजाला (रेघ) ‘डा’. डिट एक मात्रा धरला तर डा तीन मात्रांचा. एकाच अक्षरातल्या दोन आवाजांमध्ये एक मात्रा शांतता, दोन अक्षरांमध्ये तीन मात्रा, दोन शब्दांमध्ये सात मात्रा. हे प्रमाण कोणत्याही वेगाला बदलत नाही.

विराम चुकला की काय होतं ते आपल्याच गावांच्या नावांवरून पाहा. ही नावं रोमन अक्षरांत धरली आहेत. ‘बीड’मधलं बी (–···) आणि त्यामागचं ई (·) चिकटलं तर –···· होतं, म्हणजे ६ हा अंक. ‘जालना’च्या शेवटच्या एन-ए मधला विराम खाल्ला की –··– उरतं, आणि ऐकणारा एक्स लिहितो. ‘लातूर’मधले ए आणि टी जुळले की डब्ल्यू, ‘हिंगोली’तले आय आणि एन जुळले की एफ, ‘परभणी’तले ए आणि एन जुळले की पी. ‘धाराशिव’मध्ये तर ए-आर जोडून गेलं की ·–·–· तयार होतं, आणि ती ‘संदेश संपला’ ही खूण आहे. समोरचा नाव अर्धं असतानाच लिहिणं थांबवू शकतो. नवशिक्याच्या पाठवण्यातल्या चुका तपासल्या तर टिंब-रेघा बहुधा बरोबर असतात, गडबड विरामांत असते.

वेग कसा मोजतात?

मिनिटाला किती शब्द, यावर. पण शब्द लहान-मोठे असतात, म्हणून ५० मात्रांचा एक शब्द प्रमाण धरतात. जगभर त्यासाठी ‘पॅरिस’ (पी-ए-आर-आय-एस) वापरतात. गंमत म्हणजे एल-ए-टी-यू-आर, म्हणजे लातूर, हाही बरोबर ५० मात्रांचाच शब्द आहे. एलच्या ९, एच्या ५, टीच्या ३, यूच्या ७, आरच्या ७ मिळून ३१. अक्षरांमधल्या चार विरामांच्या १२ आणि शेवटच्या विरामाच्या ७ मिळून १९. बेरीज ५०. मिनिटात आठ वेळा ‘लातूर’ नीट विराम ठेवून पाठवता आलं, तर तुमचा वेग ८ शब्द. जालना ५६ मात्रांचं आहे आणि बीड फक्त ३४, त्यामुळे मोजमापाला ती नावं चालणार नाहीत.

एका डिटची लांबी काढायची असेल तर १२०० ला वेगाने भागा, उत्तर मिलिसेकंदांत मिळतं. ५ शब्दांना २४० मिलिसेकंद, ८ ला १५०, १२ ला १००, २० ला ६०.

सगळी अक्षरं एका जागी मिळतील का?

हो. हाताने भाषांतर करायला आणि शंका आली तर पडताळायला ही यादी ठेवा. पाठांतरासाठी मात्र वापरू नका, कारण पुढे येतंच.

ए ·–   बी –···   सी –·–·   डी –··   ई ·   एफ ··–·   जी ––·
एच ····   आय ··   जे ·–––   के –·–   एल ·–··   एम ––   एन –·
ओ –––   पी ·––·   क्यू ––·–   आर ·–·   एस ···   टी –   यू ··–
व्ही ···–   डब्ल्यू ·––   एक्स –··–   वाय –·––   झेड ––··

अंकांना पाच-पाच खुणा असतात. १ म्हणजे ·––––, २ म्हणजे ··–––, असं करत ५ म्हणजे पाच टिंबं. ६ म्हणजे –····, ७ म्हणजे ––···, आणि शून्य म्हणजे पाच रेघा. पूर्णविराम ·–·–·–, स्वल्पविराम ––··––, प्रश्नचिन्ह ··––··, तिरकी रेघ –··–·. ईमेल पत्त्यातलं ‘अॅट’ चिन्ह (·––·–·) आंतरराष्ट्रीय यादीत २००४ मध्ये आलं.

अंकांबाबत मराठी माणसाची एक खास अडचण आहे. आपण २५ ला ‘पंचवीस’ म्हणतो, म्हणजे पाच आधी उच्चारतो. मोर्समध्ये २ आधी येतो. ऐकताना मनात ‘पंचवीस’ तयार होऊ दिलं की हात ५२ लिहून मोकळा होतो. पिनकोड असो की फोन नंबर, मनात ‘दोन, पाच’ असंच म्हणायचं.

मराठी मजकूर मोर्समध्ये कसा पाठवायचा?

व्यवहारात रोमन लिपीत लिहून. बहुतेक भाषांतर-यंत्रं आंतरराष्ट्रीय मोर्सवर चालतात. त्यांत देवनागरी मजकूर टाकला की ती अक्षरं गाळतात किंवा प्रश्नचिन्हं दाखवतात. म्हणून मजकूर आधी रोमनमध्ये करून घ्या, मगच यंत्राला द्या.

रोमन करताना गटातल्या सगळ्यांनी एकच रीत ठरवावी, नाहीतर पाठवणारा बरोबर असूनही घेणारा गोंधळतो. ऱ्हस्व-दीर्घ फरक सोडून द्या. आ साठी एकच ए, ई साठी आय. ण आणि न दोन्हींना एन, ळ आणि ल दोन्हींना एल. च ला सी-एच, श-ष ला एस-एच, ज्ञ ला डी-एन-वाय. अनुस्वाराला एन, पण पुढे प-वर्ग असेल तर एम. ‘बाळ’ आणि ‘बाल’ सारखेच दिसतील हे खरं, पण वाक्यात अर्थ लागतो. गावाच्या किंवा माणसाच्या नावात घोटाळा होण्याची भीती असेल तर नाव दोनदा पाठवा. नाव दोनदा पाठवण्याची पद्धत जगभर आहे.

के ऐकून थेट ‘क’ लिहिण्याचा मोह टाळा. काना-मात्रा नंतरच्या अक्षरात येतात, हात मागे जाऊन दुरुस्त करू लागतो आणि तोवर पुढची दोन अक्षरं निसटतात.

यंत्राने केलेलं भाषांतर चुकतं कुठे?

मजकुरावरून मोर्स करताना फारसं चुकत नाही. उलट दिशेने, म्हणजे टिंब-रेघांचा मजकूर करताना, बहुतेक यंत्रांना अक्षरांमध्ये एक रिकामी जागा आणि शब्दांमध्ये तिरकी रेघ लागते. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या मजकुरात रिकाम्या जागा गायब झालेल्या असतात किंवा दोन टिंबांऐवजी कोलन पडलेला असतो. रेघेच्या जागी फोन कधी लांब डॅश घालतो, कधी तीन टिंबांचं एकच चिन्ह करून टाकतो. हे आधी दुरुस्त करा.

आवाज ऐकून वाचणारी अॅप्स मात्र नाजूक असतात. पंखा, कुकरची शिट्टी, रस्त्यावरचा हॉर्न, काहीही त्यांना डिट वाटतं. फोन स्पीकरपासून वीतभर अंतरावर ठेवा, स्वर ६०० ते ८०० हर्ट्झमध्ये ठेवा, अॅपमध्ये वेग हाताने नेमता येत असेल तर नेमा. हाताने पाठवलेल्या मोर्समध्ये विराम कमी-जास्त होतात आणि तिथे अॅप हमखास घसरतं. सरावलेला कान अशा ठिकाणी अर्थावरून सावरून घेतो.

फोन कॉलवर किंवा व्हिडिओ मीटिंगमध्ये मोर्स ऐकवली तर समोरच्याला तुटक ऐकू येते. त्या अॅपमधली आवाज गाळण्याची सोय एकसारख्या स्वराला गोंगाट समजून कापते. ती बंद करा, किंवा सरावासाठी व्हॉइस मेसेज पाठवा.

शिकायला सुरुवात कशी करावी?

कानाने. तक्ता पाठ करून शिकलेला माणूस आवाज ऐकतो, टिंब-रेघा मोजतो, मनातल्या तक्त्यात शोधतो आणि मग लिहितो. मिनिटाला ५ शब्दांना हे जमतं. १० शब्दांच्या आसपास शोधायला वेळच उरत नाही आणि प्रगती थांबते. मग सगळं विसरून पुन्हा शिकावं लागतं, आणि ते नव्याने शिकण्यापेक्षा अवघड असतं. ‘हे अक्षर म्हणजे अमुक शब्द’ अशा आठवणीच्या युक्त्याही याच कारणाने नकोत. भजनात पखवाजाचा ठेका बोल न मोजता ओळखू येतो, तसं –·–· कानावर पडताच हाताने सी लिहायला हवा.

दोन पद्धती एकत्र वापरा. पहिली कॉख पद्धत, लुडविग कॉख या जर्मन मानसशास्त्रज्ञाची, १९३० च्या दशकातली. सुरुवातीपासून अक्षरं पूर्ण वेगात ऐकायची, पण फक्त दोन. त्या दोघांत ९० टक्के बरोबर यायला लागलं की तिसरं घ्यायचं. सराव-संकेतस्थळांवर सर्रास दिसणारा क्रम के, एम, आर, एस, यू, ए, पी, टी, एल, ओ असा सुरू होतो. दुसरी फार्न्सवर्थ पद्धत: अक्षर जलद, पण अक्षरांमधली जागा सरावापुरती नेहमीच्या प्रमाणापेक्षा मोठी.

प्रत्यक्ष आकडे असे ठेवा. अक्षराचा वेग १८ शब्द, एकूण वेग ८ शब्द. म्हणजे डिट साधारण ६७ मिलिसेकंदांचा, डा २०० चा, अक्षरांमध्ये सुमारे ०.८६ सेकंद आणि शब्दांमध्ये सुमारे २ सेकंद शांतता. एवढ्या जलद अक्षरातले आवाज मोजताच येत नाहीत, त्यामुळे कानाला त्याचा आकारच पकडावा लागतो. लिहायला वेळ मात्र मिळतो. हळूहळू मधली शांतता कमी करत जायची, अक्षराचा वेग तोच.

रोज किती वेळ?

पंधरा ते वीस मिनिटं, शक्यतो सकाळी आणि संध्याकाळी. रविवारी सलग तीन तास बसून आठवड्याचा सराव भरून निघत नाही. अर्ध्या तासानंतर कान थकतो आणि चुका पक्क्या होतात. खाडे न करता रोज अर्धा तास मिळाला तर बहुतेकांची अक्षरं-अंक तीन-चार महिन्यांत बसतात. कमी-जास्त होतं, त्याची काळजी करू नये.

काही अक्षरं सारखी चुकतात. काय करावं?

चुका जोड्यांनी येतात. एस, एच आणि ५ (तीन, चार, पाच डिट). यू, व्ही आणि ४. बी आणि ६. एल आणि एफ. क्यू आणि वाय. जी आणि डब्ल्यू. ज्या दोघांत घोटाळा होतो फक्त तीच दोन अक्षरं पाच मिनिटं उलटसुलट ऐका. नंतर ती बाकीच्यांत मिसळा. पूर्ण यादी पुन्हा पहिल्यापासून ऐकण्यात वेळ जातो आणि दुखणं तसंच राहतं.

सराव-फाइल मात्र रोज नवी हवी. तीच फाइल तीन दिवस ऐकली की मजकूर पाठ होतो आणि कान शिकतोय असा भास होतो.

एक अक्षर हुकलं की पुढची तीन-चार जातात. का?

कारण मन त्या हुकलेल्या अक्षरामागे धावतं. कागदावर त्या जागी छोटी आडवी रेघ मारा आणि पुढे चला. हे आपोआप येत नाही, ठरवून लावून घ्यावी लागते ही सवय. लिहिताना सुटी मोठी रोमन अक्षरं टाळा. ई आणि एफला चार-तीनदा हात उचलावा लागतो. लहान लिपीतली अक्षरं, एका फटक्यात येतील अशी, बरी. ८ शब्दांना मिनिटाला ४० अक्षरं लिहायची असतात. मराठी माध्यमातल्या मुलांना पहिल्या महिन्यात कानापेक्षा हाताचीच अडचण जास्त येते. त्यांना मोर्सशिवाय नुसतं रोमन जलद लिहिण्याचा सराव द्यावा.

घरी सरावाचं यंत्र कसं बनवायचं?

सर्वात सोपं: ५ व्होल्टचा बझर, तीन पेन्सिल सेल आणि एक स्विच. चालतं, पण त्याचा स्वर दोन हजार हर्ट्झच्या वर असतो आणि दहा मिनिटांत डोकं दुखतं. त्यापेक्षा ५५५ आयसीचा ऑसिलेटर (स्वर काढणारं छोटं सर्किट) करा. लागणारं सामान: ५५५ आयसी, १ किलो-ओहम आणि १० किलो-ओहमचे दोन रेझिस्टर, आणखी एक १० किलो-ओहमचा, १०० ओहमचा एक, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (त्यावर १०४ लिहिलेलं असतं), ०.०१ चा एक (१०३), १० मायक्रोफॅरडचा एक, ८ ओहमचा छोटा स्पीकर, चार पेन्सिल सेल म्हणजे ६ व्होल्ट.

जोडणी: पिन ८ धनाला, पिन १ ऋणाला. पिन ८ आणि ७ मध्ये १ किलो-ओहम, पिन ७ आणि ६ मध्ये १० किलो-ओहम. पिन २ आणि ६ एकमेकींना जोडून तिथून ०.१ चा कपॅसिटर ऋणाला. पिन ५ वरून ०.०१ ऋणाला. पिन ३ वरून १०० ओहम, मग १० मायक्रोफॅरड (धन टोक आयसीकडे), मग स्पीकर, मग ऋण. ‘की’ (मोर्स पाठवण्यासाठी दाबायचा स्विच) पिन ४ आणि धनामध्ये, आणि पिन ४ वरून उरलेला १० किलो-ओहम ऋणाला. स्वर साधारण ६८५ हर्ट्झ येतो. तो जाडा हवा असेल तर पिन ७ आणि ६ मधला रेझिस्टर १२ किलो-ओहमचा करा.

की बॅटरीच्या तारेत न घालता पिन ४ वर ठेवण्याचं कारण आहे. बॅटरीच्या तारेत की घातली आणि आयसीजवळ मोठा कपॅसिटर असला, तर की सोडल्यावरही आवाज क्षणभर रेंगाळतो, आणि विराम बुजतात. यंत्र मुकंच राहिलं तर आधी की ते पिन ४ ची तार आणि पिन २-६ ची जोड तपासा. सतत वाजत असेल तर की आतून चिकटलेली आहे, पिन ४ चा रेझिस्टर सुटला आहे किंवा पिन ४ थेट धनाला गेली आहे.

की विकत घ्यावी की करावी?

शिकायला घरची चालते. लाकडी फळीवर हॅक्सॉ ब्लेडचा वीतभर तुकडा एका टोकाला दोन स्क्रूंनी बसवा, दुसऱ्या टोकाला बटण किंवा बाटलीचं झाकण चिकटवा, त्याच्या खाली एक पितळी स्क्रू. ब्लेडवरचा रंग जिथे जोड होणार तिथे पॉलिश पेपरने पूर्ण काढा. मधली फट पोस्टकार्डाच्या जाडीइतकी. फट जास्त झाली की हात लवकर थकतो, फारच कमी झाली की डिट चिकटतात. आवाज खरखरला तर जोडीच्या जागी गंज किंवा धूळ आहे. साध्या कागदाची पट्टी मध्ये धरून दोन-तीनदा ओढा.

हात कोपरापर्यंत टेबलावर टेकवा, बटण अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत हलकं धरा, हालचाल मनगटातून. बोटांनी टकटक करणाऱ्याचे डा आखूड होतात आणि अर्ध्या तासात दंड भरून येतो. पाठवण्याचा सराव मात्र निम्मी अक्षरं कानात बसल्यावरच सुरू करा. आधी सुरू केला तर स्वतःचीच चुकीची लय कानात बसते.

हवेतली खरी मोर्स ऐकायची आहे. साध्या रेडिओवर येईल का?

साध्या शॉर्टवेव्ह रेडिओवर स्वर ऐकू येत नाही. नुसती सुरसुर थांबते-सुरू होते एवढंच जाणवतं. सीडब्ल्यू (रेडिओवरची मोर्स) किंवा एसएसबी (हौशी रेडिओवर बोलण्याची एक पद्धत) ऐकण्याची सोय असलेला रिसीव्हर लागतो. तो नसेल तर इंटरनेटवरचे रिसीव्हर वापरा; नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर प्रसिद्ध आहे. ७.००० ते ७.०४० मेगाहर्ट्झमध्ये संध्याकाळनंतर आणि १४.००० ते १४.०७० मध्ये दिवसा शोधा. फिल्टर ५०० हर्ट्झवर ठेवा.

स्वतःचा रिसीव्हर असेल तर दहा मीटर तार माळवदावर किंवा गच्चीवर बांधा. पत्र्याच्या घरात आत तार ताणून उपयोग होत नाही, पत्रा लहरी अडवतो. एलईडी दिवे, इन्व्हर्टर, मोबाइल चार्जर आणि शेतातल्या मोटारींचे स्टार्टर हे आपल्याकडचे मुख्य गोंगाट. लोडशेडिंगच्या वेळी बॅटरीवर ऐकून पाहा, फरक लगेच कळेल. मे-जूनमध्ये वळवाचे ढग दिसले की तार रिसीव्हरपासून काढा आणि घराबाहेर टाका. दूरवरची वीज कडाडली तरी स्वर झाकला जातो आणि सराव होत नाही. जवळची पडली तर रिसीव्हरच जातो.

सुरुवातीला कोणत्या खुणा ऐकू येतील?

सी-क्यू म्हणजे ‘कोणीही उत्तर द्या’. डी-ई नंतर पाठवणाऱ्याचं ओळखचिन्ह येतं. भारतातली बरीचशी व्ही-यू-२ किंवा व्ही-यू-३ ने सुरू होतात. के म्हणजे ‘आता तुम्ही बोला’. क्यू-आर-एस म्हणजे ‘हळू पाठवा’, आणि ते मागायला लाजू नये. क्यू-टी-एच म्हणजे ठिकाण, क्यू-आर-एन म्हणजे निसर्गाचा गोंगाट. ५-एन-एन म्हणजे ५९९, म्हणजेच ‘तुमचा संकेत उत्तम ऐकू येतोय’; ९ ऐवजी आखूड म्हणून एन वापरतात. चूक झाली की आठ डिट. निरोपाला ७३.

परवाना लागतो का? परीक्षेला मोर्स आहे का?

वायरने जोडलेल्या ऑसिलेटरवर सराव करायला काही लागत नाही. रेडिओवर पाठवायला हौशी रेडिओचा परवाना लागतोच. परीक्षा दूरसंचार विभागाची. परवान्याच्या दोन श्रेणी, जनरल आणि रिस्ट्रिक्टेड, आणि किमान वय १२ वर्षं. रिस्ट्रिक्टेडला मोर्स नाही. जनरलसाठी मिनिटाला ८ शब्दांनी घेणं आणि पाठवणं अशी परीक्षा ठरलेली आहे. नियमांत दुरुस्त्या होत असतात, म्हणून अर्ज भरण्याआधी सरल संचार पोर्टलवरची चालू सूचना वाचा. परीक्षेच्या आधीचे दोन आठवडे मोठ्या विरामांची मोर्स थांबवून सरळ ८ शब्दांची, म्हणजे १५० मिलिसेकंदांच्या डिटची, मोर्स ऐका. जलद अक्षरांना सरावलेल्या कानाला ती विचित्र, ताणलेली वाटते आणि परीक्षेत पहिल्या ओळीतच गोंधळ होतो.

टॉर्चने एसओएस द्यायचा झाला तर?

तीन डिट, तीन डा, तीन डिट, मध्ये अक्षरांचा विराम न ठेवता सलग: ···–––···. ही खूण १९०६ च्या बर्लिन परिषदेत ठरली आणि १९०८ पासून लागू झाली. डोळा कानापेक्षा हळू आहे, म्हणून डिट साधारण पाव सेकंदाचा आणि डा पाऊण सेकंदाचा धरा. एकदा देऊन काही सेकंद थांबा, पुन्हा द्या. मोबाइलची टॉर्च हाताने चालू-बंद करण्यापेक्षा ती चालू ठेवून समोर तळहात आणा-काढा, लय नीट राहते. शिट्टीनेही चालतं. सरावासाठी मात्र एसओएस कधीही देऊ नका, उघड्यावर तर नाहीच, ‘लातूर’ पाठवा.

जुन्या तारयंत्रातला ‘साउंडर’ मिळाला आहे. त्यावर शिकता येईल का?

भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, त्यामुळे जुन्या बाजारात असे तुकडे मिळतात. साउंडरमध्ये स्वर नसतो. पट्टी खाली आदळते तेव्हा एक टक् आणि वर जाते तेव्हा दुसरा, वेगळा टक्. डिट की डा हे त्या दोन आवाजांमधल्या अंतरावरून ओळखायचं. त्यामुळे स्वरावर शिकलेल्याला ते सुरुवातीला अजिबात कळत नाही. आधी स्वरावर शिका, मग साउंडर जोडा. जोडण्याआधी मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजा. तो काही ओहम इतकाच निघाला तर ६ व्होल्ट थेट देऊ नका. एका सेलपासून सुरू करा आणि कॉइल गरम होतेय का ते हात लावून पाहा.